परराष्ट्रीय धोरण व विरोधी पक्ष : कुलाबा (रायगड) किनाऱ्याचा अनुभव

परराष्ट्रीय व्यवहार हे शासनाचे राखीव क्षेत्र मानण्याची प्रथा जुनी आहे. लोकशाहीत मात्र त्या धोरणाचा खर्च, त्यासाठी द्यावे लागणारे बळी आणि त्यातून येणारा मानापमान जनतेच्याच वाट्याला येत असल्यामुळे विरोधी पक्षाला त्याविषयी स्वस्थ राहता येत नाही. त्याने कितपत व कोणत्या मार्गाने विरोध करावा, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या त्या देशाच्या राज्यघटनेवर अवलंबून असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्राध्यक्षाने केलेल्या तहास सीनेटमधील उपस्थित सभासदांच्या दोन-तृतीयांश बहुमताची संमती लागते, म्हणजे विरोधी पक्षाच्या हाती घटनेनेच एक साधन दिलेले आहे. हेन्री कॅबट लॉज यांच्या नेतृत्वाखालील रिपब्लिकन सीनेटरांनी १९१९-२० मध्ये ते वापरले आणि व्हर्सायच्या तहाला संमती न मिळाल्यामुळे अमेरिका राष्ट्रसंघाबाहेर राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच पक्षाचे आर्थर व्हॅंडेनबर्ग यांनी नेमका उलट मार्ग धरला व डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या यूरोपविषयक धोरणाला पाठबळ दिले. १९५२ मध्ये आयझेनहौअर यांनी आपण निवडून आल्यास स्वतः कोरियाला जाऊ, असे आश्वासन देऊन परराष्ट्रीय प्रश्न थेट मतदारांपुढे नेला. हे तिन्ही मार्ग आजचा विरोधी पक्ष उद्याचा सत्ताधारी पक्ष असू शकतो, या गृहीतावर उभे आहेत.

भारतात ते गृहीत स्वातंत्र्यानंतरची दोन दशके अस्तित्वात नव्हते. परराष्ट्रीय व्यवहार हा संघसूचीतील विषय असून तह करण्यास संसदेची पूर्वसंमती लागत नाही. तहाच्या अंमलबजावणीसाठी कायदा हवा असेल, तरच तो संसदेपुढे येतो. राज्य विधानसभेला या विषयात अधिकारच नाही. शिवाय धोरणाचे शिल्पकार जवाहरलाल नेहरू पंतप्रधानपदाबरोबर परराष्ट्र खातेही स्वतःकडे ठेवीत असत व त्यांच्या पक्षाला लोकसभेत प्रचंड बहुमत होते. अशा स्थितीत एखाद्या जिल्ह्यात पाय रोवून उभ्या असलेल्या विरोधी पक्षाला परराष्ट्रीय धोरणाचे काय करता येते, याचे बोधप्रद उदाहरण कुलाबा जिल्ह्याच्या (१ जानेवारी १९८१ पासून रायगड जिल्हा) किनाऱ्यावर सापडते.

या किनाऱ्याला परकीय सत्ता हा दूरचा विषय कधीच नव्हता. चौल-रेवदंडा येथे पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या पहिल्या चरणात ठाणे वसविले व ते १७४० मध्ये मराठ्यांकडे आले. कुंडलिकेच्या मुखापलीकडील कोर्लई गावातील ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीजमिश्रित बोली अद्याप बोलली जाते. अलिबागसमोरील कुलाबा किल्ल्यावर १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून स्वारी केली, तेव्हा कान्होजी आंग्रे यांच्या मदतीस बाजीराव पेशवे धावून आले आणि पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूस सारून स्वतंत्र तह उरकून घेतला. जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. या इतिहासामुळे येथील मतदार परराष्ट्रीय प्रश्नांविषयी अधिक जाणता झाला, असे मात्र म्हणता येत नाही. जहाजावरील खलाशी, गोदीतील कामगार, गिरणीतील बदली कामगार आणि गावाकडील खोताचे कूळ ही बहुधा एकाच घरातील माणसे असत. मुंबईत जे घडे, ते आठवडाभरात बोटीने किंवा एस.टी.ने गावी पोहोचे. जिल्ह्याचे राजकारण घडविणारी खरी गोष्ट हीच.

जिल्ह्यातील काँग्रेसविरोधी राजकारणाचा पाया खोतीविरोधी लढ्यात घातला गेला. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात कुळांनी जमिनी कसण्याचे नाकारून संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे त्याला पाठबळ होते. पुढे काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनी १९४७-४८ मध्ये शेतकरी कामगार पक्ष स्थापन केला, तेव्हा अलिबाग, पेण, पनवेल व उरण या भागांतील आगरी व कुणबी शेतकऱ्यांत त्याला तयार भूमी मिळाली. या पक्षाने १९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे जो प्रबंध स्वीकारला, त्यात मार्क्सवाद-लेनिनवादाचा अंगीकार होता. साम्राज्यवादी गट व सोव्हिएट रशियाच्या नेतृत्वाखालील समाजवादी गट अशी जगाची विभागणी गृहीत धरून भारतीय शासनाचे मूल्यमापन करण्याची ती भूमिका होती. ग्रामीण महाराष्ट्रातील एका प्रादेशिक पक्षाने जागतिक राजकारणाविषयी इतकी निश्चित भूमिका घ्यावी, ही गोष्ट त्या काळातही अनेकांना नवलाची वाटली. तिचे परिणाम पक्षांतर्गतच अधिक झाले. मतप्रणालीच्या वादातून काही कार्यकर्ते बाहेर पडले अथवा बाहेर काढले गेले, तर जेधे व मोरे १९५४ मध्ये काँग्रेसमध्ये परतले. कुलाब्याच्या शेतकऱ्याने पक्षाला मत दिले ते कुळकायदा, खारभूमीचे बांध व जंगलातील हक्क यांसाठी, दाभाडीच्या प्रबंधातील जगाच्या नकाशासाठी नव्हे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाब्याची लोकसभेची जागा काँग्रेसकडे गेली. निवडून आलेले चिंतामणराव देशमुख याच जिल्ह्यातील नाते या गावी जन्मलेले, केंद्रीय अर्थमंत्री आणि १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारताचे एक प्रतिनिधी होते. आंतरराष्ट्रीय व्यवहारांचा त्यांच्याइतका जाणकार त्या वेळी देशातही विरळा होता.

विरोधी पक्षांच्या हाती परराष्ट्रीय धोरणाचे खरे हत्यार आले, ते गोव्याच्या रूपाने. गोवा, दमण व दीव हे प्रदेश पोर्तुगालने सोडावेत, ही मागणी नेहरूंचीही होती. वाद होता तो मार्गाविषयी. पोर्तुगाल हा नाटोचा सभासद, ब्रिटनचा जुना मित्र. अलिप्ततेचा व शांततामय सहजीवनाचा पुरस्कार करणाऱ्या भारताने शेजारच्या चिमुकल्या प्रदेशावर सैन्य पाठविल्यास जगातील आपली नैतिक प्रतिष्ठा जाईल, असे नेहरूंचे म्हणणे होते. भारताने जून १९५३ मध्ये लिस्बनमधील आपला दूतावास बंद केला व पुढे आर्थिक निर्बंध घातले, पण सालाझारच्या हुकूमशाहीवर त्याचा परिणाम झाला नाही. गोव्यात सविनय कायदेभंगाचा आरंभ डॉ. राममनोहर लोहिया यांनी १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे केलेला असल्यामुळे समाजवाद्यांना हा प्रश्न आपला वाटे. साम्यवादी, शेतकरी कामगार पक्ष, हिंदुमहासभा व जनसंघ यांनाही त्यात आपापल्या मतप्रणालीला पटेल असा आधार सापडला : कोणाला साम्राज्यवादाचा शेवट, कोणाला अखंड राष्ट्र, तर कोणाला मराठी व कोकणी समाजाचे नाते. इतर कोणत्याही परराष्ट्रीय प्रश्नावर हे पक्ष एका व्यासपीठावर आले नसते.

पुण्यात स्थापन झालेल्या गोवा विमोचन सहायक समितीने १९५५ च्या उन्हाळ्यापासून सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्याच्या हद्दीत पाठविण्यास सुरुवात केली. जयंतराव टिळक हे तिच्या प्रमुख संघटकांपैकी होते. १८ मे रोजी ना. ग. गोरे यांच्या नेतृत्वाखालील तुकडी आत शिरली. सेनापती बापट, शिरुभाऊ लिमये, जनसंघाचे जगन्नाथराव जोशी, मधु लिमये व बंगालमधील क्रांतिकारी समाजवादी पक्षाचे त्रिदिब चौधरी यांनीही सत्याग्रह केला. पोर्तुगीज पोलिसांच्या अमानुष मारहाणीनंतर यांपैकी अनेकांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रहींनी एकाच वेळी सरहद्द ओलांडली, तेव्हा झालेल्या गोळीबारात वीसहून अधिक माणसे मरण पावली. देशभर संतापाची लाट उसळली आणि मुंबईत कडकडीत हरताळ पडला. भारत शासनाने पोर्तुगालचा दिल्लीतील दूतावास त्याआधीच बंद करावयास लावला होता, पण सप्टेंबरमध्ये सामुदायिक सत्याग्रहालाही बंदी केली. काँग्रेसनेही आपल्या सभासदांना त्यापासून दूर राहण्यास सांगितले.

विरोधी पक्षांच्या डावपेचांच्या दृष्टीने हा क्षण महत्त्वाचा आहे. घटनेने त्यांना परराष्ट्रीय धोरणात हस्तक्षेपाची वाट ठेवलेली नव्हती, म्हणून ती वाट त्यांनी पायी चालून काढली. सावंतवाडी-बांद्याच्या रस्त्याने गोव्याची हद्द गाठता येत होती, हीच या चळवळीची ताकद. कोरिया, हिंदी चीन किंवा सुएझ या प्रश्नांवर असा सत्याग्रह शक्य नव्हता. नेहरूंची अडचणही येथेच होती. सत्याग्रहींना मज्जाव करावा, तर गांधीजींच्या मार्गालाच बंदी केल्यासारखे होई आणि करू नये, तर धोरणाची सूत्रे रस्त्यावरील जमावाच्या हाती जात. त्यांनी बंदीचा पर्याय निवडला. तो आंतरराष्ट्रीय दृष्टीने असमर्थनीय नसला, तरी महाराष्ट्रात त्याची राजकीय किंमत मोठी पडली.

कारण गोव्याचा हा रोष ओसरण्यापूर्वीच भाषावार प्रांतरचनेचा प्रश्न पेटला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाल्यावर गोळीबारांचे सत्रच सुरू झाले व शंभरावर माणसे बळी गेली. मेलेल्यांत व जखमी झालेल्यांत गिरणगावातील कोकणी चाकरमान्यांची संख्या मोठी होती. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, तेव्हा तिच्यात एकत्र आलेले पक्ष जवळपास तेच होते, जे आदल्या वर्षी गोव्याच्या सरहद्दीवर एकत्र आले होते. समितीची घडण केवळ सीमाप्रश्नातून व मुंबईच्या मागणीतून झाली, असे सामान्यतः लिहिले जाते. गोवा सत्याग्रहाने विरोधी पक्षांना एकत्र काम करण्याची जी सवय लावली, तिचा उल्लेख क्वचितच होतो. सरहद्दीवरील स्वदेशीयांना गोळ्या खाऊ देणारे आणि मुंबईत स्वतःच गोळ्या घालणारे शासन, असे एकच चित्र समितीच्या वक्त्यांनी गावोगावी उभे केले. ते न्याय्य होते असे म्हणता येत नाही, परंतु परिणामकारक खासच होते.

याच सुमारास आंतरराष्ट्रीय घडामोडींनी साम्यवाद्यांची एक कोंडी सोडविली. नेहरूंच्या अलिप्ततेला मॉस्कोची पसंती मिळू लागल्यापासून त्यांच्यावर टीका कोठे व किती करावी, हे भारतीय साम्यवाद्यांना अवघड होऊन बसले होते. १९५५ च्या अखेरीस बुल्गानिन व ख्रुश्चॉव्ह यांनी भारतभेटीत गोव्यावरील भारताच्या हक्काला उघड पाठिंबा दिला. उलट अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी २ डिसेंबर रोजी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्री कून्हा यांच्याबरोबर काढलेल्या संयुक्त पत्रकात गोव्याचा निर्देश पोर्तुगालचा ‘प्रांत’ अशा अर्थाने झाला. नेहरूंच्या परराष्ट्रीय धोरणाची दिशा योग्य, पण गोव्यात ते मवाळ, अशी दुहेरी भूमिका त्यामुळे डाव्या पक्षांना घेता आली. मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी जुलै १९५६ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा तर कुलाब्यातील काँग्रेसचा आधारस्तंभच निखळला.

गोऱ्यांसह अनेक सत्याग्रही १९५७ च्या आरंभी पोर्तुगीज तुरुंगातून सुटले आणि लगेच सार्वत्रिक निवडणूक आली. गोरे पुण्यातून लोकसभेवर निवडून गेले. राजापूरमधून निवडून आलेले बॅ. नाथ पै पुढे परराष्ट्रीय धोरणावरील वादविवादांत लोकसभेतील एक अभ्यासू वक्ते ठरले. कुलाब्याची जागा शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम बाळकृष्ण राऊत यांनी जिंकली आणि पनवेलमधून त्याच पक्षाचे दि. बा. पाटील प्रथमच विधानसभेत गेले. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. या विजयात गोव्याचा वाटा किती व मुंबईचा किती, हे वेगळे काढणे शक्य नाही. बहुसंख्य मतदारांच्या दृष्टीने तो एकच प्रश्न होता.

ज्या परराष्ट्रीय प्रश्नाला पायी पोहोचता येत नाही, तो विरोधी पक्षांचे काय करतो, हे दोन वर्षांतच दिसून आले. मार्च १९५९ मध्ये तिबेटमधील उठाव चीनने चिरडला. ऑगस्टमध्ये लाँगजू व ऑक्टोबरमध्ये काँगका खिंडीजवळ भारतीय ठाण्यांवर व गस्ती तुकडीवर हल्ले झाले. १९५४ चा पंचशील करार तिबेटच्या स्वातंत्र्याच्या मोलाने झाला, हे आचार्य कृपलानी आणि समाजवादी यांचे म्हणणे जुनेच होते. आता प्रजासमाजवाद्यांना समितीतील साम्यवाद्यांबरोबर बसणे अवघड वाटू लागले. साम्यवाद्यांची अडचण याहून मोठी होती. महाराष्ट्रातील त्यांचे श्रेष्ठ नेते श्रीपाद अमृत डांगे यांनी मॅकमहोन रेषेचा उघड पुरस्कार केला. समितीतील सहकारी पक्षांशी फारकत होऊ नये, ही गरज त्यामागे होती, असे मानण्यास जागा आहे. पक्षाची अधिकृत भूमिका ठरण्यापूर्वीच त्यांनी असे बोलावे, याबद्दल नोव्हेंबर १९५९ मधील मीरत येथील राष्ट्रीय परिषदेच्या बैठकीत त्यांच्यावर टीका झाली. मात्र त्याच बैठकीत पक्षाला स्वतःची भूमिकाही बरीच मवाळ करावी लागली. प्रादेशिक आघाडीच्या निकडीने आंतरराष्ट्रीय मतप्रणालीला वाकविल्याचे हे उदाहरण भारतीय पक्षांच्या इतिहासात लक्षणीय आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि समितीला बांधून ठेवणारा मुख्य धागाही सुटला. प्रजासमाजवादी पक्ष तिच्यातून बाहेर पडला. उरलेल्या समितीत साम्यवादी व शेतकरी कामगार पक्ष हेच प्रमुख राहिले.

दरम्यान, गोव्याच्या प्रश्नाची सूत्रे शासनाने पुन्हा आपल्या हाती घेतली. दाद्रा व नगरहवेलीसंबंधी पोर्तुगालने नेलेल्या दाव्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी भारताने कर्तव्यभंग केला नसल्याचा निर्णय दिला. १८-१९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेनादलांनी गोवा मुक्त केला. सुरक्षा समितीत अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी कडक टीका केली व सोव्हिएट रशियाने नकाराधिकार वापरला. अवघ्या दोन महिन्यांवर सार्वत्रिक निवडणूक होती. मुहूर्त निवडणुकीसाठी साधला, असा आरोप देशात व परदेशांत झाला. त्यात तथ्य किती हा वेगळा प्रश्न, पण विरोधकांना तो मोठ्याने करता येईना, कारण सात वर्षे तेच ही मागणी करीत आले होते. उत्तर मुंबई मतदारसंघात संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी उभे राहिले. भारतातील ज्या निवडणुकीत परराष्ट्रीय धोरण हाच मुख्य विषय होता, अशी ही बहुधा पहिली लढत. प्रजासमाजवादी, स्वतंत्र व जनसंघ हे कृपलानींच्या बाजूस आणि साम्यवादी काँग्रेसच्या मेननांच्या बाजूस, अशी १९५५ ची सरहद्दीवरील एकजूट पार उलटीपालटी झाली. मेनन सुमारे १ लाख ४५ हजार मतांनी विजयी झाले. राज्य विधानसभेच्या २६४ जागांपैकी काँग्रेसला २१५ व शेतकरी कामगार पक्षाला १५ मिळाल्या. कुलाब्याची लोकसभेची जागाही काँग्रेसचे भास्कर नारायण दिघे यांनी परत घेतली.

मतदारांनी उचलून धरलेले हे धोरण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनच्या आक्रमणाने कोसळले. मेनन यांना नोव्हेंबरमध्ये जावे लागले व त्यांच्या जागी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीस बोलावण्यात आले. विरोधी पक्षाला इतके स्पष्ट निमित्त पुन्हा मिळाले नसते, पण महाराष्ट्रात ते वापरावे कसे? कोसळलेल्या धोरणाची डागडुजी करावयास महाराष्ट्राचाच माणूस गेलेला. साम्यवादी पक्षाने आक्रमणाचा निषेध केला, तरी त्याचे अनेक पुढारी स्थानबद्ध झाले व १९६४ मध्ये तो पक्ष दुभंगला. शेतकरी कामगार पक्षाने आपले लक्ष भाव, दुष्काळ व जमीन या प्रश्नांकडे वळविले. त्याचा हा निर्णय भित्रेपणाचा नसून शहाणपणाचा होता. कृष्णराव धुळप व नंतर दि. बा. पाटील यांच्या रूपाने विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपद त्याच्याकडे दीर्घकाळ राहिले. १९६७ मध्ये दत्तात्रय काशिनाथ कुंटे निवडून आल्याने कुलाब्याची जागा पुन्हा काँग्रेसच्या हातून गेली. मेनन यांना त्या निवडणुकीत काँग्रेसने उमेदवारीच नाकारली आणि मुंबईत अपक्ष म्हणून उभे राहून ते पराभूत झाले. पुढे १९७७ व १९८४ मध्ये दि. बा. पाटील याच मतदारसंघातून लोकसभेवर गेले. त्यांचे नाव झाले ते न्हावा-शेवा बंदर व नव्या मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या लढ्याने. जगाचा व्यापार जिल्ह्यात आणणाऱ्या बंदराचा विचार या पक्षाने भूमिपुत्राच्या मोबदल्याच्या अंगाने केला.

परकीय राष्ट्राशी असलेला संबंध या किनाऱ्यावर पुन्हा उघडपणे राजकीय विषय झाला, तो १९९३ मध्ये. मुंबईतील १२ मार्चच्या स्फोटांत वापरलेली स्फोटके दिघी व श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे समुद्रमार्गे उतरविली गेली होती आणि कटाचे धागे पाकिस्तानपर्यंत पोहोचत होते. विधानसभेतील विरोधी पक्षनेते गोपीनाथ मुंडे यांनी गुन्हेगारी टोळ्या व सत्ताधारी यांच्या संबंधांचा आरोप हा आपल्या प्रचाराचा मुख्य विषय केला व १९९५ मध्ये शिवसेना-भारतीय जनता पक्ष युती राज्यात सत्तेवर आली. ज्या किनाऱ्यावर ती स्फोटके उतरली, तेथील लोकसभेची जागा मात्र १९९६ मध्ये काँग्रेसचे अब्दुल रहमान अंतुले यांनी राखली व १९९८ मध्ये ती पुन्हा शेतकरी कामगार पक्षाचे रामशेठ ठाकूर यांच्याकडे गेली. २००८ मध्ये मुंबईवरील हल्ल्यानंतर अंतुले केंद्रीय मंत्री असताना त्यांनी पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांच्या मृत्यूविषयी संशय व्यक्त केला आणि संसदेत विरोधी पक्षांनी मोठे वादळ उठविले. २००९ मध्ये मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर झालेल्या पहिल्या निवडणुकीत, रायगड या नव्या नावाच्या मतदारसंघात, शिवसेनेचे अनंत गीते यांनी त्यांचा पराभव केला.